पुढं गेलेली साखरा

म्हाळूने डोळे उघडले त्या दिवशी साखराबाईने साऱ्या वॉर्डाला गूळ वाटला. पंधरा दिवसांनी तो पहिलं धड वाक्य बोलला, तेव्हा तिला वाटलं, गूळ वाटायची आपण जरा घाईच केली.

"तुमी कोन, बाई?" त्याने विचारलं.

सव्वीस वर्षांच्या संसारात त्याने तिला कधी 'तुमी' म्हटलं नव्हतं. 'साखरे' म्हणायचा, चिडला तर नुसतं 'ए'. साखराबाई हसली. डोकं फुटलेला माणूस, चार शब्द इकडचे तिकडे व्हायचेच, असं तिने मनाशी म्हटलं.

धारूरच्या डोंगरात मेंढरांना पाला पाडायला म्हणून तो बाभळीवर चढला होता. फांदी मोडली आणि म्हाळू डोक्यावर खडकात आला. लेक सोमेश्वरने जीप अडवून त्याला जिल्ह्यातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी कवटी उघडून रक्ताची गाठ काढली. पुढचे बावीस दिवस तो ओल्या मातीसारखा पडून होता. साखराबाईने नळीतून पेज घातली, दर दोन तासांनी कूस बदलली, पाठीला जखम होऊ दिली नाही. मंगल सिस्टर म्हणाल्या, "मावशी, बोलत राहा त्यांच्याशी. ऐकू येत असतंय." मग ही बाई बावीस दिवस बोलली. कुठली मेंढी व्याली, कुठलं कोकरू लंगडतंय, घोडी किती खाते. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटलासुद्धा सगळा कळप पाठ झाला.

"मी साखरा," ती म्हणाली. "अवं, असं काय करताय?"

म्हाळूने तिला निरखून बघितलं. आपल्या कळपात दुसऱ्याचं मेंढरू घुसलं की तो असाच बघायचा, न बोलता, कानापासून खुरापर्यंत. मग त्याने उशाशी उभ्या असलेल्या धाकट्या लेकीला, सुकन्याला, जवळ बोलावलं.

"दिसती तशीच," तो हळू आवाजात म्हणाला. "नाक त्येच. हनुवटीवरचं गोंदण बी हुबेहूब काढलंय. पन ही ती न्हाई. तुजी आय कुठं हाय?"

त्याने लेकीला ओळखलं होतं, लेकाला ओळखलं होतं. मंगल सिस्टरचं नाव त्याच्या लक्षात राहत होतं. साऱ्या जगात एकटी साखराबाई तेवढी परकी ठरली. ती वॉर्डाबाहेरच्या बेसिनपाशी गेली आणि तिथल्या तडकलेल्या आरशात तिने स्वतःला बघितलं. त्याला काय दिसलं असेल ते शोधायला म्हणून ती बराच वेळ बघत राहिली, आणि बघता बघता तिलाही ते तोंड जरासं नवखं वाटायला लागलं. तिने घाईघाईने तोंडावर पाणी मारलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. "माणसाचं तोंड मेंदूत एका जागी ओळखलं जातं, आणि ते आपलं आहे ही माया दुसऱ्या जागी उठते," त्या म्हणाल्या. "त्यांना मार लागला त्यात या दोन जागांमधली वाट तुटलीय. तोंड तुमचंच दिसतं, पण बघून आत काही हलत नाही. मग त्यांचं मन म्हणतं, ही दुसरीच कुणीतरी असणार."

"मग मलाच कावून? लेकीला तर वळखत्यात."

"जे सगळ्यात जवळचं असतं ना, बहुतेक तिथंच हे होतं."

"बरी शिक्षा काढली," साखराबाई म्हणाली. "जुळंल का ती वाट?"

"कधी जुळते, कधी नाही. वाद घालू नका. घाबरवू नका. त्यांना पुन्हा डोक्याला मार लागता कामा नये, एवढं सांभाळा."

वाद नाही घातला तरी जेवण घालायचं होतं. म्हाळू तिच्या हातचा घास घेईना. परक्या बाईने त्यात काय कालवलं असेल कुणाला ठाऊक, असं तिच्या देखत तो सुकन्याला सांगायचा. सुकन्याने भरवलं तर खायचा. पण डोंगरातल्या वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, दीडशे मेंढरं आणि एकटा सोमेश्वर होता, सुकन्याला आज ना उद्या जाणं भागच होतं. साखराबाई रात्री खाटेखाली अंथरूण टाकायची, तर हा दोन-दोनदा वाकून बघायचा, ही अजून इथंच आहे का म्हणून.

मग एक दिवस ती खाली औषधं आणायला गेली असताना सुकन्याने तिला फोन लावला. गोळ्यांचं नाव सिस्टरलाही ऐकू यावं म्हणून तिने फोनचा स्पीकर लावला. साखराबाई तिकडून "हालू, बोल गं" म्हणाली, आणि म्हाळू खाटेवर उठून बसला.

"साखरे! अगं कुठं हाईस तू? किती दिस झाले!"

जिन्याच्या पायरीवर साखराबाई जागीच थांबली. तिथंच बसून तिने डोळ्याला पदर लावला आणि हातात औषधांची पिशवी तशीच धरून विचारलं, "वळखलं का मला?"

"तुला वळखनार न्हाई व्हय? कुठं हाईस?"

आता इथं काय सांगायचं? दवाखान्याच्या जिन्यात आहे म्हणावं, तर वर येऊन ती पुन्हा परकीच ठरणार. तिच्या तोंडून जे निघालं ते जन्मभर खरं होतं म्हणून निघालं. "मी वाडा घिऊन पुढं आलेय," ती म्हणाली.

मेंढपाळांचं चालणंच तसं असतं. गडी मेंढरं चारत शिवाराशिवारातून सावकाश येतात. बाया सकाळीच घोडीवर भांडीकुंडी, कोंबड्या, कोकरं लादून सडकेने पुढच्या मुक्कामाला जातात, जागा बघतात, चूल पेटवतात. दिवस कलताना गडी पोचला की भाकरी तयार असते. म्हाळूला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

"कुठवर गेलीस?"

"दिंद्रुडच्या शिवारात हाय."

"बरं बरं. इथं येक बाई बसवलीया माज्या उशाला. तुज्यावानी दिसती. म्या तिच्या हातचं खात न्हाई."

साखराबाई म्हणाली, "खावा. मीच धाडलीय तिला. तिच्या हातचं खावा."

त्या दिवशी म्हाळू तिच्या हातून अख्खी भाकरी जेवला. सुकन्या दुसऱ्या दिवशी आपला साधा बटणाचा फोन बापाजवळ ठेवून वाड्यावर गेली आणि इकडे साखराबाईची दुहेरी नोकरी सुरू झाली. पिशवीतला फोन थरथरला की ती काहीतरी निमित्त करून उठायची, जिन्यात जाऊन बोलायची, आणि परत येऊन मुकाट्याने खाटेशी बसायची. मुकाट्याने, कारण एकदा ती वॉर्डात बोलली तर तो पांढराफटक पडला होता. "हिनं तिचा आवाज बी चोरला," असं ओरडून त्याने सलाईनची सुई उपटली होती. तेव्हापासून तिने त्याच्यासमोर तोंड उघडलं नाही. तो तिला मुकी बाई म्हणायला लागला. अख्ख्या मुक्कामावर जिचं तोंड बंद करणं कुणाला जमलं नव्हतं, ती ही बाई.

तो सुधारत होता, हे मात्र खरं. डावा हात उचलायला लागला. व्यायाम करून घेणाऱ्या पोरीबरोबर पाच पावलं, मग दहा पावलं टाकायला लागला. मुक्या बाईने दिलेलं खात होता आणि तिच्या खांद्याचा आधार नाखुशीने का होईना घेत होता. साखराबाईने मनाला समजावलं, चालतंय तसं चालू दे, त्याचं पोट भरतंय ना.

पण मन कुठलं समजतंय. जिन्यात बसून ती त्याला सांगायची, आज लिंबाखाली चूल मांडली, आज विहिरीचं पाणी लई गोड लागलं, आज कोकरं उड्या मारत्यात. सांगता सांगता तिला ती बाई दिसायला लागली, सडकेने घोडीच्या पुढं ताठ चालणारी, अंगाला धुराचा आणि मेंढरांचा वास असलेली. आणि इथं ही, फिनेलच्या वासाची, लघवीचं भांडं उचलणारी. तिला त्या दुसरीचा हेवा वाटायला लागला. स्वतःचाच हेवा करणारी बाई कुणी बघितली नसेल, पण ती तो करत होती आणि मनातून जळत होती.

एकदा म्हाळू फोनवर म्हणाला, "मुकी बाई चांगली हाय गं. पन तिच्या डोळ्यात बगवत न्हाई मला. मेलेलं मानूस बगावं तसं बगती."

त्या दिवशी ती जिन्यातून लवकर उठली नाही.

आणि मग घोडीची गोष्ट झाली. एका सकाळी म्हाळू आपणहून तिच्याकडे बघून हसला. "बाई, घोडीला शिंगरू झालं. कपाळावर पांढरा टिळा हाय. काल साखरा सांगत होती."

साखराबाईने असलं काही सांगितलं नव्हतं. आदल्या दिवशी फोनच झाला नव्हता, मंगल सिस्टरांनी तिला दिवसभर कागदपत्रांसाठी या खिडकीतून त्या खिडकीत फिरवलं होतं. तिने जिन्यात जाऊन सोमेश्वरच्या फोनवर सुकन्याला फोन लावला. सुकन्या आनंदाने म्हणाली, "आय, आत्ताच तुला लावणार होते. घोडी व्याली की पहाटं! टिळा हाय बग कपाळावर."

"तू बापाला सांगितलंस?"

"न्हाई गं. पहिलं तुलाच सांगतेय."

साखराबाईने वर येऊन म्हाळूच्या उशाचा फोन बघितला. बॅटरी संपून तो बंद पडलेला होता. कधीपासून, ते कळायला मार्ग नव्हता. तिने तो चार्जिंगला लावला, आणि चांगलं ऊन असतानाही दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली.

त्याच आठवड्यात म्हाळू पळाला. ती भाकरी आणायला गेली तेवढ्यात काठी टेकत तो खाली उतरला आणि फाटकापर्यंत गेला. वॉचमनने हटकलं तर म्हणाला, "वाडा पुढं गेला, मला गाठायचाय." पायरीवर तोल गेला. वॉचमनने वरच्यावर धरला म्हणून डोकं वाचलं. डॉक्टरीणबाईंनी साखराबाईला बाजूला घेतलं आणि पुन्हा असं झालं तर हाती काही उरणार नाही हे स्पष्ट सांगितलं.

साखराबाईला एकदम सगळं उघड दिसलं. ती पुढं गेलेली बाई त्याला ओढत होती. ती आहे तोवर तो इथं टिकणार नाही, आणि हिला कधी ओळखणारही नाही. कोकरू आईच्या दुधावरून तोडायचं तर काय करतात, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. आईला आवाजाच्या पल्ल्याआड न्यायचं. कोकरू पहिला दिवस ओरडून ओरडून जीव टाकतं, दुसऱ्या दिवशी घसा बसतो, तिसऱ्या दिवशी नुसतं इकडंतिकडं बघतं. चौथ्या दिवशी गप होतं आणि जे समोर आहे त्याला तोंड लावतं. तिने हयातीत शेकडो कोकरं अशी तोडली होती. तिने आपला फोन बंद केला आणि लुगड्याच्या घडीत खाली दाबून ठेवला.

पहिल्या दिवशी म्हाळूने दिवसभर फोन लावला. "फोनमदली बाई सांगती, बंद हाय म्हनून," तो तिलाच तक्रार सांगत होता. दुसऱ्या दिवशी तो रडला. साखराबाई शेजारी बसून त्याचं रडणं ऐकत होती, आणि जिन्यात जाऊन एक फोन केला असता तर त्याला धीर आला असता, पण ती उठली नाही. तिसऱ्या दिवशी तो दाराकडे बघत बसला. चौथ्या दिवशी सकाळी तो गप झाला. त्याने मुक्या बाईकडून चहा घेतला, निमूट अंघोळ करून घेतली. तिला वाटलं, सुटलो एकदाचे. आता याला आपली सवय होईल, सवयीतून माया येईल, मेंढरांना येते तर माणसाला का येऊ नये.

चहा संपवून म्हाळू म्हणाला, "बाई, आज चौथा दिस. साखरा गेली."

तिने नाही नाही अशी मान हलवली.

"गेलीच. जिती असती तर तिनं फोन उचलला असता. मला टाकून ती बसनारी न्हाई." त्याचा आवाज शांत होता. "दहावा करावा लागंल. मला तेवढं करू द्या."

आपण काय करून बसलो हे तिला तेव्हा कळलं. त्याच क्षणी उठून तिने फोन लावला. जिन्यातून हालू हालू म्हणाली. म्हाळूने थोडा वेळ ऐकलं आणि फोन खाली ठेवला. "मेल्यावर बोलू नी मानसानं," तो मुक्या बाईला म्हणाला. "वाट चुकती त्येंची."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विरोध करू नका, दुःख मोकळं झालं तर बरंच आहे. सुकन्या आली ती रडतच. "आय, हे अशुभ हाय. जित्या मानसाचा दहावा कुनी करतं का?"

"त्यो बायकूचं करतोय," साखराबाई म्हणाली. "करू दे."

वॉर्डाच्या मागे पेशंटची माणसं तीन दगडांच्या चुली मांडून स्वयंपाक करतात. तिथं एक कडुलिंब आहे आणि त्यावर कावळे. असले निर्ढावलेले कावळे की तव्यावरची भाकरी पळवतात, लेकराच्या हातातलं बिस्किट नेतात. दहाव्या दिवशी सकाळी साखराबाईने तिथंच भात शिजवला. काय काय करायचं ते म्हाळूने तिला सांगितलं. "तिला शिळी भाकरी ताकात कुस्करून लागायची. वर कांदा. ठेच्यात लसूण जादा." सव्वीस वर्षांत त्याने कधी तिच्या खाण्याकडे बघितलं असेल असं तिला वाटलं नव्हतं. त्याच्या सगळं ध्यानात होतं. तिने आपल्या आवडीचं सगळं आपल्या हाताने केलं, आणि तिचे डोळे वाहत होते, त्यात कांदा थोडाच होता.

म्हाळूने पत्रावळीवर भाताचा पिंड ठेवला, भोवती बाकीचं मांडलं, आणि मागे सरून हात जोडून उभा राहिला. सुकन्या आणि साखराबाई त्याच्या पाठीमागे उभ्या होत्या.

कावळे आले. भिंतीवर ओळीने बसले. एकही खाली उतरला नाही, एकही ओरडला नाही. चुलीपाशी बसलेल्या बायांनी भाकऱ्या थापायच्या थांबवल्या.

"सुकन्याचं लगीन चांगल्या घरी करीन," म्हाळू म्हणाला.

कावळे बसून राहिले.

"मेंढरं इकनार न्हाई. सोमेश्वरवर हात उचलनार न्हाई."

ऊन वर आलं. भात सुकायला लागला. साखराबाईच्या लक्षात आलं की कावळे पत्रावळीकडे बघतच नाहीत. ते तिच्याकडे बघत होते. खाली उतरू नका रे, ती मनात म्हणाली. तुम्ही उतरलात तर मी गेलेच. आणि लगेच तिला वाटलं, हे उतरले नाहीत तर हा माणूस ऊन डोक्यावर घेऊन संध्याकाळपर्यंत असाच उभा राहील. त्याचे पाय आताच थरथरत होते.

"काय ऱ्हायलंय तुजं, साखरे?" म्हाळूने विचारलं. "काय पायजे तुला?"

काय पाहिजे ते जगात एकाच बाईला माहीत होतं. ती त्याच्यामागे दोन पावलांवर उभी होती. तिला राहवलं नाही.

"मला वळखा वो," साखराबाई म्हणाली. "येवढंच हाय माजं."

सुकन्याने तिचं मनगट घट्ट धरलं. म्हाळूची पाठ ताठ झाली. तो वळेल असं साखराबाईला वाटलं. पण गेलेल्याच्या आवाजाला मागे वळून बघायचं नसतं, हे त्याच्या बापाने त्याला लहानपणीच सांगितलेलं असणार. तो वळला नाही.

"वळखलं की," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात तिने कधी न ऐकलेली माया होती. "वळखलं म्हनून तर फसलो न्हाई. तुज्या तोंडाची बाई आनून बसवली त्यांनी माज्या उशाला. तुजंच नाक, तुजंच गोंदण. लई चांगली बाई हाय, रातंदिस राबली माज्यासाठी. दुसरा कुनी असता तर फसला असता. पन मी तिला येकदा बी साखरा म्हनलो न्हाई. तुजी जागा मी कुनाला दिली न्हाई आन देनार बी न्हाई. जा आता सुखानं."

मधला एक मोठा कावळा भिंतीवरून उतरला, दोन उड्या मारत पत्रावळीपाशी आला आणि त्याने पिंडात चोच घातली. मग सगळी भिंत एकदम खाली आली. बघता बघता भात, भाकरी, ठेचा, काही उरलं नाही.

म्हाळू वळला. त्याचं तोंड ओलं होतं आणि कित्येक महिन्यांत नव्हतं एवढं मोकळं दिसत होतं. "बगितलंत, बाई? त्येवढंच आडलं होतं तिचं." त्याने आपणहून हात पुढं केला आणि तिच्या खांद्यावर ठेवला. "चला, जेवून घ्या. सकाळधरनं उपाशी हाव तुमी. आता जरा मला घरी न्या."

साखराबाईने त्याचा भार खांद्यावर घेतला. तिच्या तोंडाचा रंग गेलेला बघून सुकन्या पुढं आली. "आय? आय, बोल की."

साखराबाईने तोंड उघडलं. घसा हलला, ओठ हलले. तिने पुन्हा जोर लावला. आवाज आला नाही.

"अगं, तिला बोलता येत न्हाई," म्हाळू लेकीला म्हणाला, आणि हळूहळू वॉर्डाकडे चालायला लागला.